एकतिसावी सही

४ फेब्रुवारी

ही वही सिस्टर लिटियानं दिली. फिजीची बाई, आवाज असा की बंदरावरची क्रेन गप्प बसेल. म्हणाली, "झेकीकाका, सकाळची साखर लिहायची, काय खाल्लं ते लिहायचं, किती चाललात ते लिहायचं. खोटं लिहिलंत तर मला तुमच्या पायावरून कळतं." मागच्या वर्षी डाव्या पायाचं एक बोट काढलं. नऊ शिल्लक आहेत, त्याबद्दल देवाचे आभार. पण साखर अशीच राहिली तर पुढच्या खेपेला बोटावर भागणार नाही, असं तिनं डोळ्यात बघून सांगितलं.

चालायचं कुठे हा प्रश्न. नाउरूला फेरी मारणारा रस्ता एकच, गाडीनं अर्ध्या तासात निघालो तिथे परत. त्यावर चालायला लागलं की दर दहा घरांमागे एक नातेवाईक, आणि प्रत्येकाच्या हातात केक. म्हणून ठरवलं, वर पठारावर जायचं. तिथे कुणी राहत नाही.

साखर: सिस्टरला आवडणार नाही इतकी.

७ फेब्रुवारी

वर गेलो. तेबाऊनं त्याच्या गाडीतून चढापर्यंत सोडलं. तेबाऊ मूळचा शेजारच्या किरिबास बेटांवरचा, फॉस्फेटच्या खाणीत माझ्या बाजूचा लोडर चालवायचा. आता त्याचा स्वतःचा एक जुना लोडर आहे आणि त्यापेक्षा जुने विनोद.

वर माती नाही. आम्ही ती खणून जहाजात भरली आणि ती परदेशातल्या शेतांत खत होऊन गेली. उरलेत ते चुनखडीचे सुळके, माणसापेक्षा उंच, आणि मधले खड्डे. आईच्या जमिनीपर्यंत गेलो. इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं, कारण ही जमीन मी स्वतः खणली.

साल चौऱ्याऐंशी. तिथे उंडीची थोरली झाडं होती, संध्याकाळी नॉडी पक्ष्यांनी काळी व्हायची. आई अंथरुणाला खिळलेली. कंपनीचा कागद तिच्यापुढे धरला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "इबाराला विचारलंस ना?" मी हो म्हणालो. विचारलं नव्हतं. माझी थोरली बहीण इबारा तेव्हा फिजीत सुव्याला शिक्षिकेचा अभ्यास करत होती, आणि मला मोटरबोट घ्यायची घाई होती. तिच्या नावाची सही मीच ठोकली. पहिल्या दिवशी लोडरवरही मीच होतो. डिसेंबरात ताई आली, वर जाऊन बघून आली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. पस्तीस वर्षं. एवढ्याशा बेटावर एवढा अबोला पाळणं हे खायचं काम नाही. रविवारी चर्चमध्ये आमच्यात फक्त तीन बाकं असतात.

हे सगळं पहिल्यांदाच लिहिलं. सिस्टरनं वाचलं तर वाचू दे.

पण आज काय बघितलं! खड्ड्याखड्ड्यातून उंडी उभी. काही गुडघ्याएवढी, काही दोन पुरुष उंच, पानं तेल लावल्यासारखी चकचकीत. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. आपोआप! मी तिथेच सुळक्याला टेकून बसलो आणि मला रडू आलं. माणूस नासवतो आणि देव गुपचूप भरून काढतो. पस्तीस वर्षं मी उगाच मनाला लावून घेतलं.

९ फेब्रुवारी

ठरलं. देव एवढं करतो तर आपण हात लावायला नको? आईच्या जमिनीचा एक तुकडा सपाट करायचा, ओळीत चाळीस उंडी लावायच्या. पाय जायच्या आत. ताई एकदा वर येऊन बघेल आणि निदान "बरं केलंस" म्हणेल. दुसरं काही नको मला.

ऑरेलियाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, "सपाट कशाला?"

"ओळीत लावायची तर सपाट नको?"

"उंडी काय कवायत करणार आहे?"

बायकांना आखणी कळत नाही. संध्याकाळी ती बिंगोला गेली. मंगळवार-शुक्रवार बिंगो असतोच, पण आता शनिवारीही असतो म्हणे.

२१ फेब्रुवारी

आनिबारेच्या किनाऱ्यावरून उंडीची फळं वेचली. कवच फोडून दुधाच्या डब्यांत पेरली. सत्तेचाळीस डबे. आमच्या घरासमोर आता डब्यांची परेड आहे.

४ मार्च

जमीन कचेरीत गेलो. त्या तुकड्याचे मालक एकेचाळीस. आमच्याकडे आईची जमीन सगळ्या मुलांची, मग त्यांच्या मुलांची. माझ्या अंगणाएवढ्या जागेला शाळेच्या वर्गाएवढे मालक. चारातल्या तिघांच्या सह्या हव्यात, म्हणजे एकतीस. कारकून पोरगी म्हणाली, "काका, एकतीस माणसांनी एकाच गोष्टीला हो म्हटल्याचं या कचेरीत कुणी पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "तू झेकीला ओळखत नाहीस."

"ओळखते. तुम्ही माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. त्यांचीही सही लागेल."

३० मार्च

सह्या: बावीस. वजन: वाढलं. प्रत्येक सहीमागे एक जेवण. बोए गावातल्या मावशीनं नारळाच्या दुधातला कच्चा मासा वाढला आणि मग सांगितलं की सही तिचा मुलगा करतो. मुलाकडे गेलो तर त्यानं कोंबडी वाढली आणि सांगितलं की आई म्हणेल तसं. शेवटी दोघांना माझ्या गाडीच्या टपावर समोरासमोर सह्या करायला लावल्या.

पाऊस नाही. पाण्याचा टँकर दहा दिवसांनी येतो. टाकी इतक्या लवकर कशी उतरते कळत नाही. सगळे नळ तपासले, गळती नाही. ऑरेलिया म्हणते हवा कोरडी आहे.

१९ एप्रिल

डब्यांतून कोंब आले! सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. मी प्रत्येकाला सुप्रभात म्हणालो. तेबाऊ बघत होता. म्हणाला, "बायकोला म्हणतोस का कधी?"

सह्या: तीस.

बाकीच्या अकरांपैकी नऊ ऑस्ट्रेलियात, त्यांचा पत्ता त्यांच्या आयांनाही माहीत नाही. उरले दोघे: ताई, आणि तिचा मुलगा डेल्विन.

२६ एप्रिल

तीन वेळा ताईच्या घरावरून गेलो. ती ओट्यावर केवड्याच्या पानांची चटई विणत बसलेली. तिसऱ्या खेपेला गाडी हळू केली. तिनं मान वर केली नाही. विचारून नाही म्हणाली तर? मग सगळंच संपलं. आणि विचारायचं कशाला, तिच्यासाठीच तर करतोय. तयार झालं की दाखवू.

२ मे

डेल्विन विमानतळावर सामान चढवतो. तिथे गाठला. म्हणाला, "मामा, आईला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "तिला चकित करायचंय."

त्यानं हातातली बॅग खाली ठेवली. चांगला पोरगा आहे, थोरल्यांना नाही म्हणत नाही. सही केली. एकतीस! येताना चर्चमध्ये थांबून आभार मानले. गुडघे टेकताना मात्र मनात काहीतरी खुपत होतं. बोटाची जखम असेल.

२० मे

आज लोडर वर नेला. तेबाऊनं मला चालवायला दिला. पाय ठणकत होता पण हात काही विसरलेले नाहीत. सुळके फोडले, भुगा खड्ड्यांत लोटला.

दुपारी तेबाऊनं हात वर करून थांबवलं. "झेकी, या खड्ड्यांत उंडी आहेत. मोठ्या आहेत रे."

"रानटी आहेत. चौदा-पंधरा असतील. त्यांच्या जागी चाळीस येणार."

"आणि हे बघ." त्यानं एका झाडाच्या बुंध्याशी पुरलेला गंजका डबा दाखवला. तळाला खिळ्यानं भोक पाडलेलं.

"पक्षी धरणाऱ्या पोरांचा असेल. चल, ऊन वाढतंय."

तेबाऊ काही बोलला नाही. बोलायला लागला की थांबत नाही असा माणूस, म्हणून लिहून ठेवतो.

संध्याकाळपर्यंत टेबलासारखं सपाट केलं. वर पाणी शिंपडून लोडर चार वेळा फिरवला, दाबून पक्कं. खाणीत आमच्या रस्त्यांना कधी खड्डा पडला नाही.

घरी आलो तर ऑरेलिया जेवली नव्हती. डोळे लाल. म्हणाली, कांदा. ताटात कांदा नव्हता.

८ जून

चाळीस रोपं ओळीत लावली. दोरी धरून. सात उरली, वाकडीतिकडी. ती पलीकडे एका जुन्या खड्ड्याच्या कोपऱ्यात कशीतरी खोचली. टाकायला जीव झाला नाही.

सुंदर दिसतंय. शिस्तीत उभी आहेत. देवा, तुझे उपकार.

११ जुलै

चाळीसपैकी एकोणीस पिवळी. शेतीखात्याच्या माणसाला नेलं. त्यानं पहार मारली. टण्ण! पुन्हा मारली. टण्ण! म्हणाला, "काका, हा तुम्ही कोबा केलाय. चुनखडीचा भुगा, वर पाणी, वर लोडर. यावर लग्नाचा मांडव छान बसेल. मूळ नाही जाणार."

पस्तीस वर्षं माती उचलण्यात गेली. ती कशासाठी असते हे कुणी विचारलं नाही आणि मीही नाही.

२ ऑगस्ट

चाळीसच्या चाळीस गेली. आज उपटली. मुळं वरच्या वर गुंडाळी होऊन बसलेली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

पण कोपऱ्यातली ती सात बेवारशी रोपं! तरारून उभी. बुंध्याशी ओल, भोवती नारळाच्या सोडणांची गादी. सोडणं वाऱ्यानं आली असतील. आणि पहाटेचं दव खड्ड्यात साचत असणार. बघा, मी हात लावला ते मेलं आणि ज्याकडे पाठ फिरवली ते जगलं. यातून काय शिकायचं ते सांगायला आमचे पाद्रीबुवा अर्धा तास घेतील. मी फक्त आभार मानले.

१४ ऑगस्ट

पाय सुजला. सिस्टर लिटिया ओरडली नाही, तेव्हाच समजलो.

२९ ऑगस्ट

इस्पितळातून घरी आलो. आणखी दोन बोटं गेली. पाऊल वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा उशीर केला असता तर गुडघ्यापर्यंत. सात बोटं, दोन पाय, एक बायको. माणसाला किती लागतं?

दोन आठवडे मी वर गेलो नाही आणि पाऊस टिपूस नाही. ती सात रोपं आता गेलीच असणार. ऑरेलियाला म्हटलं, "संपलं सगळं."

ती म्हणाली, "तू झोप. दव पडतं की."

तिच्या चपलांना वरची पांढरी धूळ होती. बिंगोच्या हॉलला फरशी करून घ्या म्हणावं.

१८ सप्टेंबर

काल ऑरेलियाला बिंगोत काही लागलं का विचारलं. नाही. वर्षभरात एकदाही नाही. आठवड्यातून तीनदा जाते आणि एक साबणाची वडी जिंकत नाही. एवढं फुटकं नशीब मी पाहिलं नाही. तरी येते तेव्हा चेहरा खुशीत असतो. अशी बाई मला मिळाली हे माझं नशीब मात्र चांगलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवतो.

दुपारी शेजारीण आली. म्हणाली, आज बिंगो बंद, हॉलवाल्याकडे मयत झालीय. ऑरेलिया तर तासापूर्वी बिंगोला म्हणून गेलेली. मी तेबाऊला फोन केला. तो आला, काही न विचारता मला गाडीत बसवलं आणि गाडी सरळ वर घेतली. मी कुठे जायचं ते सांगितलंच नव्हतं.

त्याच्या खांद्यावर हात टाकून सुळक्याआडून बघितलं. माझ्या सात रोपांच्या खड्ड्यात ऑरेलिया उभी होती. हातात आमची बादली. आणि तिच्याजवळ, गुडघ्यांवर बसून सोडणं रचणारी, ताई. चौसष्ट-पासष्ट वर्षांची माझी बहीण, डोक्याला फडकं बांधलेली.

ऑरेलिया म्हणाली, "ताई, आता तरी सांगूया त्याला."

"काय सांगायचं? त्याला समजतं तेव्हा लोडर जाऊन आलेला असतो."

"चुकून झालं त्याच्या हातून."

"पहिल्यांदाही चुकूनच झालं होतं." ताईनं बुंध्याशी पुरलेल्या डब्यात पाणी ओतलं. डब्याच्या तळाला भोक होतं. "एकशे तीस होती गं. हातानं वाढवली. चौदा घेतली त्यानं. एकशे सोळा राहिली. आणि ही सात."

"त्याची सात कशाला वाढवतेस मग?"

"झाडाला काय माहीत कुणी लावलं?"

एवढं बोलून ती पुढच्या झाडाकडे गेली. देवाची म्हणून ज्यांचे मी आभार मानत होतो, त्या सगळ्यांच्या बुंध्यांशी ती एकेक करून थांबत होती.

मी पुढे गेलो नाही. तसाच मागे फिरलो. गाडीत बसल्यावर तेबाऊला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अर्ध्या बेटाला माहीत आहे."

"मग त्या दिवशी लोडर का नाही अडवलास?"

"अडवला होता," तो म्हणाला.

३० सप्टेंबर

जमीन कचेरीत गेलो. म्हटलं, माझा कागद फाड. कारकून पोरगी म्हणाली, "काका, सही मागे घ्यायचा अर्जच नाही. आजवर कुणी घेतलीच नाही." मग तिनं कागद खणातून काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मी जरा चहा घेऊन येते." मी फाडला. चार तुकडे केले. भलं होवो तिचं.

तिथून ताईच्या घरी. ती ओट्यावर चटई विणत होती. मी पायरीवरच उभा राहिलो, काठी टेकून. सगळं बोलून टाकलं. ती सुव्याला असताना तिच्या नावानं ठोकलेली सही, मोटरबोट, आईला मारलेली थाप, डेल्विनला गाठलं ते, चौदा झाडं. शेवटी म्हटलं, "ताई, मी दाखवायला आलो नाही. विचारायला आलोय. वरच्या जमिनीचं मी काय करू?"

तिचे हात थांबले. मग उठली, आत गेली, दार लावलं.

मी तासभर पायरीवर बसलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा उठलो. माफी मागितली म्हणजे ती मिळालीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? मागायला मिळाली, हेही खूप.

ऑरेलियाला घरी येऊन फक्त म्हटलं, "टाकीतलं पाणी कुठे जातं ते कळलं." ती माझ्याजवळ येऊन बसली. तिचे उपकार या वहीत मावणार नाहीत.

९ ऑक्टोबर

काही नाही. साखर बरी.

२६ ऑक्टोबर

अंगामचा सण. आमच्या आजोबांच्या काळी बेट मरता मरता वाचलं, माणसांची मोजणी पंधराशेवर गेली, त्याचा हा आनंद. मैदानात जेवण, गाणी. ताई समोरच्या चटईवर होती. एकदा आमची नजरानजर झाली. तिनं नजर काढून घेतली, पण नेहमीपेक्षा सावकाश. माझाच भास असेल.

जेवण झाल्यावर डेल्विन जवळ आला. म्हणाला, "मामा, आईनं सांगितलंय, गुरुवारी सकाळी सहाला वर. पहार आणायची. लोडर दिसला तर दगड घालीन, असंही सांगितलंय."

"माझ्या डोक्यात की लोडरवर?"

"ते नाही सांगितलं."

३१ ऑक्टोबर, गुरुवार

पावणेसहालाच पोचलो. ताई माझ्याआधी येऊन बसलेली. मी म्हटलं, "ताई, आलो." कोब्यावर एक जागा तिनं काठीनं दाखवली. मी बसून पहार मारायला लागलो. दहा-बारा घाव घातले असतील.

"अरे गाढवा," ताई म्हणाली, "पहार तिरकी धर! पाय फोडून घेशील, उरलीत किती बोटं तुला?"

माझ्या हातातून पहार सुटली.

आणि मग ती जी सुरू झाली! बिनडोक, आगाऊ, आईला फसवणारा, सपाट करणारा, ओळी आखणारा, पोराला त्याच्या आईविरुद्ध सही करायला लावणारा मेला. चौदा झाडं तिनं एकेक करून सांगितली: हे डेल्विनच्या जन्माच्या साली, हे आई गेली त्या आठवड्यात, हे नवरा गेल्यावर, तेव्हा खाली पाणी नव्हतं, समुद्राचं खारं नव्हे हं, पिण्याच्या पाण्यातून वाटी वाटी काढून. कुठल्या खड्ड्यात माती कुणाच्या अंगणातून डोक्यावर आणली तेही. मधे रडली, डोळे पुसले, पुन्हा शिव्यांवर आली. सूर्य चांगला वर आला. मी एक शब्द मधे बोललो नाही. आईनंतर मला असं कुणी बोललेलं नाही, आणि मला वाटत होतं हे थांबू नये.

दमल्यावर तिनं पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः प्यायली, मग माझ्याकडे सरकवली. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून कोब्यात एक भोक पाडलं. बादलीएवढं.

घरी आल्यावर ऑरेलियानं विचारलं, "फार बोलली का रे?"

"अजून संपलेलं नाही," मी म्हटलं. "सोमवारी पुन्हा बोलावलंय."